पायाचं माप आधी घ्या

लग्नसराई आली की हा वाद दरवर्षी नव्याने पेटतो. कुणीतरी नवरी रिसेप्शनला नऊवारीखाली पांढरे स्नीकर्स घालून उभी राहते, फोटो फिरतो आणि मग दोन दिवस तेच. एक बाजू म्हणते पैठणीची शोभा घालवली, एका दिवसापुरतं सोसता येत नाही का. दुसरी म्हणते तिचे पाय, तिची मर्जी, तुम्ही कोण बोलणारे. मग येतात हिशोब मांडणारे, की बायकांना मुळात एवढे जोड लागतातच कशाला, आम्ही एका बुटावर तीन वर्षं काढतो. यंदा हे सगळं आमच्या घरातच झालं, भाचीच्या लग्नाच्या खरेदीत, आणि काका, आत्या, भाचीच्या मैत्रिणी सगळे तावातावाने बोलत असताना मला एकच गोष्ट खुपत होती. तिन्ही बाजूंचं तोंड भाचीकडेच होतं. सोस, नाहीतर बंड कर, नाहीतर कमी खर्च कर, जे काय करायचं ते तू कर. ज्याने ती सँडल बनवली, ज्याने ती विकायला मांडली, त्यांना कुणी एका शब्दाने विचारत नव्हतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. छान दिसणं, पायाला आराम आणि खिशाला परवडणं या तीन गोष्टी एकमेकींच्या वैरी नाहीत. बायकांच्या चपलांच्या बाजारात त्या वैरी होऊन बसल्यात कारण चप्पल बनवताना बाईचा पाय, तिचं दिवसभराचं चालणं आणि तिचा पगार या तिन्हींचा विचारच कुणी धड केलेला नाही. आणि त्याचा भुर्दंड तिने एकटीने भरायचा, कधी पायाने, कधी पैशाने, कधी 'अजागळ दिसतेस' हे ऐकून. तेव्हा 'स्टाइल की कम्फर्ट' असा प्रश्न बाईला विचारणं आता थांबवायला हवं असं मला मनापासून वाटतं.

यावर पहिला मुद्दा येतो तो खरंच दमदार आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करते. कितीतरी मुली म्हणतात की मला हील आवडते, घातली की ताठ उभी राहते, साडीच्या निऱ्या नीट पडतात, मीटिंगमध्ये समोरच्याच्या नजरेला नजर भिडते, तर तुम्ही मला आरामाचं लेक्चर का देताय? बरोबर आहे. मी कुणालाही देणार नाही. नटण्याला उथळ म्हणायची आपल्याकडे जुनी सवय आहे आणि ती मला अजिबात मान्य नाही. आमची आजी शेतातून आली की आधी हातपाय धुऊन, वेणी घालून, धुतलेलं लुगडं नेसून मगच ओसरीवर यायची, ती काही उथळ नव्हती. चांगलं दिसावंसं वाटणं ही माणसाची गरजच आहे. पण 'माझी निवड' असं म्हणायला दुसरा पर्यायही तितकाच मोकळा पाहिजे ना? फ्लॅट घातली म्हणून नोकरीवर कुणी काही बोलणार नाही, लग्नात कुणी तोंड वाकडं करणार नाही, आणि फ्लॅटमध्येही मनासारखं डिझाइन मिळेल, असं असताना जी हील घालते तिची ती निवड. बाकीच्यांचं काय?

माझी मावसबहीण ठाण्यातल्या एका मोठ्या दुकानात सेल्सला आहे. नाव नको. तिथे मुलींना काळी बंद बेली, तीही दोन इंच टाचेची, अशी सक्ती आहे, कुठे लिहून दिलेलं नाही, पण पहिल्या दिवशी तोंडी सांगतात आणि फ्लॅट घालून आलीस तर काउंटरच्या मागेच बस म्हणतात, म्हणजे कमिशन बुडालं. बेली आपल्या पैशाने आणायची. साडेनऊ तास उभं राहायचं. तिच्या बॅगेत रोज एक रबरी स्लिपर असते, लोकल आणि जिन्यासाठी, आणि दुकानाच्या मागच्या दाराशी ती पाय बदलते. रात्री घरी आली की आधी स्टुलावर बसून दोन्ही करंगळ्यांवरच्या पट्ट्या काढते, चिकटलेली कापसाची पट्टी पाण्याने ओली करून हळूच सोडवावी लागते, करंगळीला भोवरी झालीय आणि उजव्या अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर यायला लागलंय. ती एकतीस वर्षांची आहे. तिला जाऊन सांगायचं का, की बाई गं, स्टाइल आणि कम्फर्ट यांचा बॅलन्स साध?

हे फक्त आपल्याकडेच चालतं असंही नाही. डिसेंबर २०१५ मध्ये लंडनमध्ये निकोला थॉर्प नावाची मुलगी रिसेप्शनिस्टच्या तात्पुरत्या नोकरीवर पहिल्या दिवशी फ्लॅट घालून गेली, तिला दोन ते चार इंचाची हील आणायला सांगितलं, नाही म्हणाली तर बिनपगारी घरी पाठवलं. तिने अर्ज केला, दीड लाखाच्या वर लोकांनी सह्या केल्या, मार्च २०१७ मध्ये त्यावर संसदेत चर्चा झाली आणि शेवटी सरकार म्हणालं की आहे तो कायदा पुरेसा आहे. त्याच वर्षी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने मात्र हीलची सक्ती सरळ बंद केली. २०१९ मध्ये जपानमध्ये युमी इशिकावाने हीच मोहीम काढली, तिचं नाव कुटू, जपानीत बूट आणि वेदना या दोन्ही शब्दांचा उच्चार जवळचा, त्या दोघांचा मिळून केलेला शब्द. तिथल्या कामगार मंत्र्यांनी हील समाजमान्य चौकटीत बसते असं सांगून हात झटकले, पण पुढच्याच वर्षी जपान एअरलाइन्सने हवाई सेविकांवरची हीलची सक्ती काढली. आपल्याकडे २०२२ मध्ये आकासा एअर सुरू झाली तीच क्रूला ट्राउझर आणि स्नीकर्स देऊन. विमानं उडतायतच, प्रवासी पायातले बूट बघून तिकिटं रद्द करत नाहीयेत.

आणि केरळ. कोझिकोडच्या कापड दुकानांमधल्या बायकांना दिवसभर बसूच द्यायचे नाहीत, गिऱ्हाईक नसलं तरी नाही. पी. विजी आणि त्यांच्यासोबतच्या कामगार बायका वर्षानुवर्षं भांडल्या आणि २०१८ मध्ये केरळने दुकान कायद्यात बसण्याचा हक्क घातला, २०२१ मध्ये तमिळनाडूने. विचार करा, बसायला स्टूल मिळावं यासाठी कायदा करावा लागला! आता कुणी म्हणेल स्टूल आणि सँडलचा काय संबंध. संबंध हाच की त्या बायकांनाही आधी 'सोसायची सवय करा' हेच सांगितलं जात होतं आणि दुखणं त्यांच्या पायांत असलं तरी ते थांबलं दुकानाचा नियम बदलल्यावर. पायाच्या दुखण्याचं औषध कधीकधी मेडिकलमध्ये नसतं, हजेरीच्या रजिस्टरशेजारी भिंतीवर लावलेल्या नोटीशीत असतं.

दुसरा मुद्दा दुकानदारांचा. ते म्हणतात आम्ही तेच विकतो जे खपतं, बायकाच निमुळती, नाजूक चप्पल मागतात, रुंद पंजाची ठेवली तर वर्षभर पडून राहते. यात तथ्य आहे, दुकानदार काही कुणाचा वैरी नाही, अडकलेला माल म्हणजे त्याचे अडकलेले पैसे. पण मला सांगा, तुमच्या पायाला बसेल अशी आणि बघत राहावी अशी चप्पल एकाच वेळी कधी समोर आली होती का, की जी तुम्ही नाकारलीत? माझ्या आयुष्यात तरी क्वचित. दुकानात काय होतं हे प्रत्येक बाईला पाठ आहे. पाच नंबर पंज्यात आवळतो, सहा नंबर टाचेला निसटतो, आणि सेल्समन गुडघ्यावर बसून म्हणतो, घ्या मॅडम, वापरून सैल होईल. आणि आपण घेतो. चप्पल सैल होईपर्यंत पायाचं कातडं सोलवटतं, आणि चप्पल सैल होते तोवर तिचा सोल सुटलेला असतो.

हे असं का होतं याचं उत्तर आपल्या सरकारी संस्थेनेच शोधलेलं आहे. चेन्नईच्या सेंट्रल लेदर रिसर्च इन्स्टिट्यूटने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरात ७९ ठिकाणी १ लाख १ हजार ८८० लोकांचे पाय मशीनने स्कॅन केले, पाच वर्षांच्या पोरांपासून पंचावन्न वर्षांच्या माणसांपर्यंत. निष्कर्ष काय, तर भारतीयांचे पाय युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा पंज्यात रुंद आहेत. आणि आपण कुठली मापं वापरतोय? ब्रिटिशांनी आणलेली, नाहीतर युरोपची. स्वातंत्र्य मिळून पाऊणशे वर्षं होऊन गेली, पण आपल्या पायाचं स्वतःचं माप म्हणून काही नव्हतंच. रुंदीला पुरावं म्हणून आपण लांबी वाढवून घेतो. पुरुष मोठा बूट घेऊन लेस आवळतात, भागतं. बाईच्या सँडलला लेस कुठे असते? तिचा पाय पुढे घसरतो, टाच उंच असली तर अख्खा भार घेऊन घसरतो, आणि बोटं निमुळत्या टोकात जाऊन दाबली जातात. म्हणजे हीलचा अर्धा त्रास उंचीचा आणि अर्धा चुकीच्या मापाचा. त्या पाहणीवरून 'भ' नावाची भारतीय मापपद्धत सुचवली गेली, 'भ' भारताचा, बाळापासून मोठ्यांपर्यंत वयाप्रमाणे आठ गटांत मांडलेली. पण बाजारात जाऊन बघा, खोक्यावर अजून यूके आणि युरोचेच आकडे आहेत.

इथे छोट्या कारखानदाराची बाजू ऐकायलाच हवी, कारण मला ती सगळ्यात जड वाटते. मुंबईत ठक्कर बाप्पा कॉलनीत एका एका खोलीत लेडीज सँडल बनतात. कारागीर जोडावर पैसे घेतात, दिवसभर चिकटवायच्या सोल्युशनच्या वासात बसून काम. सँडल कलबुतावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, चढवून करतात, प्रत्येक नंबरचं कलबूत वेगळं, टाचेची उंची बदलली की पुन्हा वेगळं. त्यात आता तुम्ही म्हणणार रुंदीची पण दोन-तीन मापं ठेवा, तर त्या माणसाने ती कलबुतं आणायची कुठून? घाऊक व्यापारी त्याला जोडामागे पाच रुपये जास्त द्यायला तयार नसतो. हे खरं आहे आणि या माणसांवर खापर फोडणं मला पटत नाही. पण म्हणूनच तर हे काम एकेकट्या खोलीवर टाकून चालणार नाही. 'भ' पद्धत आली तर उलट कलबुतं मोजकी आणि पायाच्या आकाराची होतील, आणि ते बदलायचा पहिला खर्च सरकारने नाहीतर त्या मोठ्या ब्रँडनी उचलावा जे असल्याच खोल्यांमधून स्वस्तात माल बनवून घेतात. पावसाळी रेनकोटपासून शाळेच्या बुटांपर्यंत सगळ्याला सरकारी मानकं आहेत म्हणतात, मग देशातल्या अर्ध्या लोकसंख्येच्या पायाला बसेल अशी चप्पल ही काय चैनीची मागणी आहे?

आता पैशाचं. 'महाग घ्या, टिकाऊ घ्या, शेवटी स्वस्त पडतं' असं सांगणारे शहाणे लोक भरपूर आहेत आणि गणित म्हणून ते बरोबरच आहे. मावसबहिणीचंच घ्या. ती सहाशेची बेली घेते, चार महिन्यांत सोल उलतो, म्हणजे वर्षाला अठराशे. चोवीसशेचा चांगला शिवलेला जोड तीन वर्षं गेला, मध्ये दोनदा टाचा बदलल्या, शिलाई मारली, तीनशे धरा, तर वर्षाला नऊशे. निम्मा खर्च. हे तिलाही कळतं हो, कॉमर्सची पदवी आहे तिची. पण जोड फाटतो महिन्याच्या बावीस तारखेला आणि हातात असतात सातशे रुपये, मग ती चोवीसशे आणणार कुठून? गरिबाला स्वस्त वस्तू महाग पडते ती अशी. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडावर जीएसटी ५ टक्के झाला, आधी हजारापर्यंत १२ आणि त्यावर १८ होता, हे चांगलंच झालं, पण त्याने हा एकरकमी अडसर सुटत नाही. ज्या दुकानाला काळीच बेली पाहिजे त्या दुकानाने ती द्यावी, युनिफॉर्मची साडी देतात तशी. हा माझ्या मते साधा न्याय आहे.

शिवाय आता महाग घेतलेलंही टिकतंच असं नाही. भाचीच्या आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, साडेतीन हजारांची सोनेरी सँडल पाच वर्षांपूर्वी एका लग्नासाठी घेतली होती, दोनदा घातली, पुसून, कागदात गुंडाळून कपाटात ठेवली. साखरपुड्याला काढली, दिसायला अगदी नवी. हॉलच्या पायऱ्या चढताना मागे काळे तुकडे पडत चालले होते, आम्हाला वाटलं कुणाच्या पायाला चिखल लागलाय. खाली बसून बघितलं तर तिच्या सोलचाच भुगा होत होता, बोटाने दाबलं की ओल्या केकसारखा सुटायचा. पीयूच्या, म्हणजे पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकच्या, सोलचं असं होतं, हवेतली ओल हळूहळू त्याला आतून खाते, मुंबई-कोकणच्या दमटपणात आणखी लवकर, न वापरता ठेवलात तरी. खोक्यावर याची एक ओळ कुठे असते का? बाई बिचारी जपून वापरते, तिला वाटतं जपलं की टिकेल, आईने तेच शिकवलेलं. स्टेशनबाहेर बसणाऱ्या मोचीकाकांकडे दुसऱ्या दिवशी घेऊन गेलो तर ते म्हणाले, ताई, याला टाका धरायला जागाच नाही, सगळं चिकटवलेलं आहे. त्यांनी बोटाने उलटून दाखवलं, खरंच कुठे एक टाका नव्हता.

यावर अजून एक जण हमखास उठतो आणि म्हणतो, ज्या देशात लोकांच्या पायात चप्पल नाही तिथे तुम्ही सँडलच्या फिटिंगवर काय बोलताय. हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. मार्च २०१८ चा शेतकऱ्यांचा लाँग मार्च आठवा, नाशिकहून मुंबई, सुमारे १८० किलोमीटर, आणि त्यातल्या आदिवासी म्हाताऱ्यांच्या पायांचे ते फोटो, सोललेले तळवे, कुणाच्या पायात तुटक्या स्लिपरा, कुणाच्या पायात काहीच नाही. मुंबईकरांनी रस्त्यात उभं राहून त्यांना चपला दिल्या होत्या. तो फोटो बघून आपण सगळे हललो, पण त्यातून निघतं काय? हेच ना, की जी बाई सगळ्यात जास्त चालते तिच्याच पायात सगळ्यात वाईट चप्पल असते. आरामदायी चप्पल ही चैन मानली की ती आपोआप परवडणाऱ्यांपुरती उरते. म्हणून तर मी म्हणते की ती चैन मानू नका, धान्यासारखी गरजेची वस्तू माना, म्हणजे तिच्या किमतीवर आणि दर्जावर बोलता येईल. आपल्याच गावांत वरच्या आळीतून जाताना काही जातींच्या माणसांना चपला हातात घ्यायला लावायचे, हे विसरायला नको. पायात काय असावं हे आपल्याकडे नुसत्या आवडीवर कधीच सोडलेलं नव्हतं.

आणि 'आरामदायी' म्हणून जे बाईला देतात ते तरी बघा. टाच दुखायला लागली की डॉक्टर सांगतात मऊ चप्पल घ्या, मग आपण जातो आणि मिळते ती डॉक्टर चप्पल, तपकिरी नाहीतर काळी, जाड पट्ट्यांची. एमसीआर म्हणतात ते बारीक छिद्रांचं रबर, कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायांना जखमा होऊ नयेत म्हणून आपल्याकडे वापरात आलं, मग मधुमेहींसाठी. त्या रबराने किती जणांचे पाय वाचलेत, माझा त्याला नमस्कार आहे. पण माझ्या आत्याने ती चप्पल भाचीच्या लग्नात घालायला साफ नकार दिला. म्हणाली, ती घातली की लोक आधी पायाकडे बघतात आणि मग विचारतात, काय झालं गं, शुगर आहे का? म्हणजे बाईला आराम हवा असेल तर तिने आधी आजारी ठरायचं. निरोगी, हौशी, साठीतल्या बाईसाठी जांभळ्या रंगाची, जरीच्या पट्ट्याची, मऊ तळव्याची चप्पल का नसावी? ते रबर काय जांभळ्या पट्ट्याखाली बसायला नाही म्हणतंय? उलटही सांगते, अगदी पातळ, पुठ्ठ्यासारख्या तळव्याच्या फ्लॅट चपला घालून सिमेंटवर दिवसभर चालणाऱ्या बायकांचीही टाच धरते. फ्लॅट म्हणजे आराम हे समीकरण पण चुकीचंच आहे, म्हणून हील विरुद्ध फ्लॅट असं भांडण करून काही हाती लागत नाही.

सौंदर्य पाहिजे तर सोसावंच लागतं, हा जणू निसर्गनियमच आहे असं मानणाऱ्यांनी जरा मागे बघावं. उंच टाच मुळात बायकांसाठी नव्हतीच. इराणी घोडेस्वार रिकिबीत पाय अडकून राहावा म्हणून टाचेचे बूट घालायचे, तिथून सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती फॅशन युरोपातल्या पुरुषांत गेली, फ्रान्सचा चौदावा लुई लाल टाचांचे बूट घालून मिरवायचा आणि दरबारातले सरदारही. पुढे अठराव्या शतकात पुरुषांनी टाच सोडली ती सोडलीच, आणि त्यांच्या रुबाबात काही कमी झाली का? पुरुषाच्या बाबतीत आराम आणि रुबाब एकाच बुटात मावतात हे जगाने कधीच मान्य करून टाकलं. आणि आपल्याकडचं उदाहरण तर रोज डोळ्यांसमोर आहे. नऊवारी. कासोटा घालून ती नेसली की शेतात वाकता येतं, मासळीची पाटी डोक्यावर घेऊन धावता येतं, घोड्यावर बसता येतं. कामाचा पेहराव तो, आणि आज तोच आपल्या सगळ्यात देखण्या दिवशीचा पेहराव आहे. कुणी म्हणतं का की नऊवारी आरामशीर आहे म्हणून ती कमी सुंदर? मग त्याच नऊवारीखाली चालता येईल असं काहीतरी पायात घातलं तर शोभा जाते कशी?

आगरकरांनी 'सुधारक'मधून बायकांनी जाकिटं घालावीत यासाठी लेख लिहिला होता. 'सुधारक' निघालं १८८८ मध्ये. आज वाचताना नवल वाटतं की ही पण मांडायची गोष्ट होती! पण तेव्हा होती, कारण बाईच्या अंगावर काय असावं याचा विचार करताना तिला थंडी वाजते का, तिला वावरायला काय बरं पडतं, हे विचारायची पद्धतच नव्हती. पायांच्या बाबतीत आपण अजून तिथेच आहोत असं मला वाटतं. कपड्यांतही फार पुढे गेलोय असं नाही, कुर्तीला खिसा हवा तर टेलरला वेगळे पैसे देऊन लावून घ्यावा लागतो.

कोल्हापुरीचं नाव निघाल्याशिवाय हा विषय आपल्याकडे पूर्ण होत नाही. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन ब्रँडने तसल्याच चपला दाखवल्या, सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा आपण सगळे खवळलो, आणि खवळायलाच हवं होतं, २०१९ पासून तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. पण तेच आपण कारागिरासमोर उभं राहून पंधराशेची चप्पल आठशेला मागतो. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, चामड्याच्याच वादीने शिवलेली, खिळा नाही, तेल पाजून मऊ केलेली, दहा वेळा दुरुस्त होणारी वस्तू, आणि ती आपल्याला महाग वाटते. अर्थात ती काही सगळ्या दुखण्यांवरचा उपाय नाही. नवी असताना ती चावते, पावसात चालत नाही, आणि टाच दुखणाऱ्याला तिचा कडक तळवा सोसत नाही. पण एक गोष्ट तिच्या कारागिराकडून अख्ख्या उद्योगाने शिकावी, आणि ती मी भाचीच्या लग्नाच्या निमित्ताने कोल्हापुरात चप्पल लाइनला गेले तेव्हा अनुभवली.

दुकानातल्या मालकांनी मला नंबर विचारलाच नाही. जमिनीवर एक पुठ्ठा टाकला आणि म्हणाले, उभ्या राहा यावर, भार टाकून, बसून नको. मग पेन्सिल सरळ धरून आधी डाव्या पायाभोवती आणि मग उजव्या पायाभोवती रेघ मारली, पंज्याच्या सगळ्यात रुंद जागी दोन खुणा केल्या, सुतळी टाकून पायाच्या वरचा घेर घेतला, अंगठ्याचा वेगळा. पाच मिनिटंही लागली नाहीत. पुठ्ठा उचलून उजेडाकडे धरून बघितला आणि म्हणाले, ताई, उजवा पाय जरा मोठा हाय तुमचा, दोन दोऱ्यांनी, डाव्याच्या मापानं घेत आलाय वाटतं आजवर. मी त्रेचाळीस वर्षांची आहे आणि हे मला पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं. उजव्या करंगळीचं नख मी कॉलेजपासून दर काही महिन्यांनी घालवत आलेय. बारा दिवसांनी चपला घरी आल्या, मरून पट्टा, बारीक सोनेरी वेणी, अठराशे रुपये, दोन्ही पायांच्या वेगवेगळ्या. लग्नात सकाळी आठपासून रात्री साडेअकरापर्यंत त्या पायात होत्या. भाचीने तिच्या पायांचा पुठ्ठा पण मागवून घेतलाय, आणि मावसबहीण परवा फोनवर विचारत होती की ते काका काळ्या रंगात, बंद तोंडाची करून देतील का.